पाहुणे गेले, आता भोगीच्या आत घर कसं आवरायचं? (सांगली)

विश्रामबागची_सून | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार. सुरुवात कुठून करू तेच कळेना म्हणून इथं विचारते. नाताळच्या सुट्टीत यंदा सगळे आमच्याकडं जमले होते, पुण्याची नणंद तिच्या दोन पोरांना घेऊन, मुंबईचे धाकटे दीर, जाऊ, त्यांची मुलगी आणि दीड वर्षाचं बाळ, आणि घरचे आम्ही चौघं, असे अकरा जण नऊ दिवस. फार छान गेले दिवस. गणपतीच्या देवळात झालं, हरिपूरला संगमावर झालं, एक दिवस रानात हुरडा झाला. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, त्यानंतर घर असं भरलेलं पहिल्यांदाच बघितलं.

काल शेवटची गाडी गेली आणि आज घराकडं नीट बघितलं. अंथरूण-पांघरूण सगळं बाहेर निघालंय, गोधड्या, सोलापुरी चादरी, दोन कापसाच्या रजया, चार ब्लँकेटं, दिवाणावर नुसता डोंगर झालाय. त्यात सासूबाईंनी त्यांच्या लुगड्यांची हातानं शिवलेली एक गोधडी आहे, बाळाला उबदार म्हणून तीच काढून दिली होती आणि बाळानं ती दोन-तीनदा ओली केली, आता वास यायला लागलाय. मशीन साडेसहा किलोचं आहे, त्यात घालायचा धीर होत नाही, टाके उसवले तर पुन्हा तशी शिवणारं घरात कुणी नाही.

एका पांढऱ्या चादरीवर हळदीचं दूध सांडलं, मी लगेच साबण लावून घासलं तर डाग पिवळ्याचा लालभडक झाला. गच्चीवर काळी राख पडलीय, ओल्या फडक्यानं पुसली तर सगळीकडं पसरली. ओट्याच्या नळाला आणि बाथरूमच्या शॉवरला बोअरच्या पाण्याचे पांढरे थर चढलेत. बाथरूमच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरलीय, ती पंधरा दिवसांपूर्वी नव्हती. पोरांना गार वारा लागू नये म्हणून तिथल्या खिडकीच्या झडपांना आतून पुठ्ठा लावला होता, त्यामुळं ओल कोंडली असेल. गॅसचा गिझर आत आहे त्यामुळं वाफही खूप व्हायची, पुतणीला तर एकदा अंघोळ करून बाहेर आल्यावर चक्कर आली आणि उलटीसारखं झालं, आम्हाला वाटलं उपाशीपोटी गरम पाण्यात जास्त वेळ बसली.

१३ तारखेला भोगी, १४ ला संक्रांत, त्यानंतरच्या रविवारी माझ्याकडं हळदीकुंकू आहे. सोमवारपासून माझं ऑफिस. हातात उद्या आणि परवा एवढेच दोन दिवस पूर्ण मोकळे आहेत. कशाला आधी हात घालू? आणि ती गोधडी कशी धुऊ?

साताऱ्याचा_प्लंबर | शुक्रवार, रात्री १०:५५

ताई बाकी सगळं राहू द्या, पहिल्यांदा उठून बाथरूमच्या खिडकीचा पुठ्ठा काढा. उद्या नको, आत्ता.

मी बावीस वर्षं गिझर बसवतोय आणि काढतोय. गॅसचा गिझर म्हणजे जळती शेगडी आहे, तिला हवा लागते. खिडकी बंद, दार बंद, अशा चार बाय सहाच्या बाथरूममध्ये तो चालू राहिला की आतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, त्यामुळं आतल्या माणसाला काही कळत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, त्यापुढं माणूस कडी लावलेली असतानाच आत बेशुद्ध पडतो. तुमच्या पुतणीला चक्कर आणि उलटी दोन्ही झालं म्हणताय, पुठ्ठा लावलेला होता म्हणताय, मला तरी हे उपाशीपोटीचं वाटत नाही. पोरगी बाहेर आली हे नशीब. मुंबईला आत्ताच फोन करून सांगा, अजून डोकं दुखत असेल, सुस्ती असेल तर डॉक्टरकडं न्यायचं आणि गॅस गिझरचं स्पष्ट सांगायचं, नाहीतर ते पित्ताच्या गोळ्या देतील.

साताऱ्यात थंडी तुमच्यापेक्षा जास्त, दर डिसेंबरला मी घराघरांत हे बघतो, खिडकीला पुठ्ठा, दाराच्या फटीला पायपुसणं. लोकांना वाटतं पोरांची काळजी घेतोय. गिझर बाहेर पॅसेजमध्ये नाहीतर मागच्या मोकळ्या जागेत घ्या आणि फक्त पाण्याची पाइप आत न्या, फार मोठं काम नाही. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, मग आत जाऊन अंघोळ. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली असेल तर सर्व्हिसिंगशिवाय चालू करू नका.

आता बुरशी. ती ओलीवर जगते, खिडकी उघडली की निम्मं काम झालं. ब्लिचिंगचं लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात घालून लावा, दहा मिनिटांनी ब्रशनं घासा, हातमोजे घाला. पण त्याच दिवशी त्याच जागी संडास साफ करायचं ॲसिड वापरायचं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. घर एका दमात आवरायला घेतलं की लोक नेमकं हेच करतात, एका हातात ही बाटली, दुसऱ्या हातात ती. एक काम शनिवारी, दुसरं रविवारी, मध्ये भरपूर पाणी.

शॉवरच्या क्षाराला महागडं काही लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर घ्या, शॉवरचं तोंड त्यात बुडेल अशी पिशवी रबरानं बांधा, रात्रभर ठेवा. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून निघते, तीही वाटीत भिजवा. फक्त ओटा कडप्प्याचा असेल नाहीतर मागं शहाबादी फरशी असेल तर त्यावर व्हिनेगर, लिंबूफूल, ॲसिड काहीच सांडू देऊ नका. दोन्ही चुनखडीचेच दगड, क्षार विरघळवणारी वस्तू दगडालाही खाते, तकाकी गेली की परत येत नाही. ग्रॅनाइटला त्याचा एवढा त्रास होत नाही.

विश्रामबागची_सून | शुक्रवार, रात्री ११:२०

दादा, वाचता वाचता हात थरथरले. यांनी लगेच स्टूल घेऊन पुठ्ठा काढला. जावेला फोन लावला, पोरगी ठीक आहे, शाळेत पण जाऊन आली, डोकंबिकं दुखत नाही म्हणाली. पण त्या दिवसानंतर तीन दिवस आम्ही सगळे त्याच बाथरूममध्ये कडी लावून अंघोळ करत होतो. दीर म्हणाले उद्या सकाळीच मुलीला डॉक्टरांना दाखवून आणतो. ओटा कडप्प्याचाच आहे, आणि मी उद्या त्याच्यावर लिंबूफूल टाकून घासणार होते.

वाळवा_रानमाणूस | शनिवार, सकाळी ६:१०

ताई, प्लंबरदादांनी मोलाचं सांगितलं. मी राखंचं सांगतो, आमचं गाव साखर कारखान्यापासनं तीन किलोमीटरवर हाय, दिवाळी झाली की गाळप सुरू आणि ते मार्चपतोर, तवर राख पडतच ऱ्हाणार.

राख दोन परकारची असती. एक बॉयलरात बगॅस, म्हंजे उसाचा चोथा जाळत्यात त्याची, बारीक कचकचीत, बोटाला खरखरती. दुसरी उसाच्या फडातलं पाचट, म्हंजे वाळला पाला पेटवत्यात त्याची, लांब काळ्या पट्ट्या वाऱ्यावर येत्यात, बोट लावलं की भुगा. दोन्हीला वलं फडकं पहिल्यांदा लावायचं न्हाई, वली झाली की काजळी फरशीच्या छिद्रात बसती. आणि सकाळी दव असतंय तवा पण झाडायचं न्हाई, तीच गत. नऊ-साडेनऊला गच्ची सुकती आणि वारं अजून सुटलेलं नसतंय, तेवढ्यात मऊ केरसुणीनं एका बाजूनं वढून घ्यायचं, सुपलीत भरायचं, मग लागलं तर पाणी. तुमचं आता पसरलंय त्याला कपड्याची पावडर आणि खराटा, दुसरा विलाज न्हाई.

वाळत घातलेल्या कापडावर पडली तर हातानं चोळू नका, धरून झटका, न्हाईतर फुकर मारा. चोळलं की डाग बसला. टाकीचं झाकण घट्ट हाय का बघा, आमच्या गल्लीत निम्म्या टाक्या उघड्या असत्यात आणि लोक म्हणत्यात पाणी काळं का येतंय. गच्चीवर सोलर बंब असंल तर त्याच्या काचंच्या नळ्यांवर पण थर बसतोय, पाणी तापत न्हाई. त्या धुवायच्या त्या सूर्य वर यायच्या आत, दुपारी तापलेल्या काचंवर गार पाणी पडलं की तडकू शकत्यात.

जाता जाता सांगतो, आमी सहा वर्षं झाली पाचट पेटवायचं बंद केलंय. सरीत कुट्टी करून टाकतो, रानात वल टिकती, गांडुळं दिसाय लागली. सगळ्यांनी बंद केलं तर तुमच्या गच्चीवर निम्मी राख येणार न्हाई, हे मी आमच्या गावात पण सांगत असतो.

मिरजेची_काकू | शनिवार, सकाळी ७:३०

अगं पोरी, रात्री लवकर झोपले आणि आत्ता वाचतेय, काळजात धस्स झालं. बरं झालं विचारलंस.

आता गोधडीचं ऐक. आधी सगळं धुवायचं डोक्यातून काढून टाक. पौषातलं ऊन अकरा ते चार, त्यानंतर गारठा, जाड गोधडी एका दिवसात वाळत नाही आणि आतून ओली राहिली की कायमचा कुबट वास. जे अंगाला लागलंय, मळलंय, पोरांनी ओलं केलंय तेवढंच धू. ज्या चादरी एक-दोन रात्रीच वापरल्या त्यांना नुसतं ऊन दे, दोन दिवस, दुपारी उलटवायच्या आणि काठीनं झोडपायच्या. त्या रानमाणसानं सांगितलंय तशी गच्ची आधी झाडून घे, आणि चार वाजले की सगळं आत, दव पडायच्या आत. कापसाच्या रजया पाण्यात घालूच नकोस, कापसाचे गोळे होतात. कव्हर काढून धू, आत गोळे झालेच असतील तर पिंजाऱ्याकडं दे. लोकरीचे स्वेटर गार पाण्यात, पिळायचे नाहीत, टॉवेलवर पसरून सावलीत.

सासूबाईंच्या गोधडीला मशीन अजिबात नको. कोरडी असताना हलकी वाटते पण पाणी प्यायली की तिचं तिलाच वजन पेलत नाही, ड्रममध्ये आपटली की जुनं लुगडं फाटतं, टाका टिकतो आणि कापड जातं. पहिल्यांदा जमिनीवर पसर आणि सगळीकडं हात फिरवून बघ, जिथं टाका सुटलाय तिथं धुवायच्या आधी साधा धावदोरा घालून घे, बारीक नको, बोटभर टाका चालतो. मग मोठ्या टपात गार पाणी. गरम नाही हं, दूध, शी-शू असल्या डागांना पहिलं पाणी गारच, गरम पाण्यानं ते कापडात मुरतं. पहिलं पाणी अर्ध्या तासानं फेकून दे. दुसऱ्या पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर, वास त्यानं जातो, ते टपातच ओत, ओट्यावर नको. तिसऱ्याला रिठ्याचं पाणी नाहीतर साधं लिक्विड, आणि चक्क पायानं तुडव. आमच्या आई कृष्णेच्या घाटावर अशाच तुडवायच्या, दगडावर आपटत नसत. नंतर तीन-चार पाण्यांतून काढ.

आणि महत्त्वाचं, ओली गोधडी दोन टोकांना धरून उचलायची नाही. टपाच्या तळाशी आधीच एक जुनी चादर घालून ठेव आणि त्या झोळीतून दोघांनी उचला. दोरीवर पण टाकू नकोस, बाजेवर किंवा दोन खाटांवर सपाट पसर. उलटी बाजू उन्हाला, लुगड्याचे रंग उडतात.

हळदीच्या डागाला घाबरू नकोस. साबणात खार असतो, हळदीत खार पडला की लाल होते, अगं कुंकू तसंच तर करतात, हळदीत चुना घालून. त्यावर लिंबू पिळ, बघता बघता परत पिवळा होईल. मग साबण लावून पूर्ण धू आणि ओली असतानाच कडक उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन दिवसांत जातो. आपल्या सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, रंग पक्काच असणार, पण उन्हापुढं तिचं काही चालत नाही.

गावभाग_जुनाघर | शनिवार, दुपारी १:०५

तुमचा अंथरुणाचा डोंगर वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. अकरा माणसं येऊनही सगळ्यांना पुरून वर उरलं असेल तर घरात गरजेपेक्षा बरंच जास्त आहे, आणि हळदीकुंकवाच्या आधी ते सगळं धुऊन परत त्याच पेट्यांत कोंबायचं का, याचा एकदा विचार करा.

२०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. पाणी उतरल्यावर आम्ही पलंगाखालच्या पेट्या उघडल्या, आईनं वीस वर्षं जपलेल्या चादरी, आहेरातल्या कोऱ्या, एकदाही न वापरलेल्या, सगळ्यांत चिखल. त्या आठ दिवसांत बाहेरून मदतीची पोती यायची. काही पोत्यांतनं फाटके, मळके, वास येणारे कपडे निघायचे, ते आम्ही हातात धरून उभे राहायचो, नको म्हणायची पण लाज वाटायची. आणि एका पोत्यात धुतलेली, उन्हात वाळवलेली, नीट घडी घातलेली ब्लँकेटं होती, आतल्या घडीला साबणाचा वास होता. ते ब्लँकेट आई अजून वापरते. देणारं कोण होतं माहीत नाही.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, माणशी दोन पांघरुणं आणि पाहुण्यांची सहा. बाकीचं दर जानेवारीत धुऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांना देतो. बीडकडनं आलेली कुटुंबं असतात, फडाच्या कडेला कोप्यांत, म्हणजे खोपटांत राहतात, पहाटे चारला थंडीत कोयता घेऊन निघतात, लहान पोरं कोपीत नाहीतर बैलगाडीत. द्यायचं तर आत्ता द्या, मार्चपर्यंत टोळ्या परत जातात आणि तोवर थंडीही संपलेली असते. मुकादमाला किंवा तिथल्या बाईंना आधी विचारा काय लागतंय. आम्हाला एकदा मोठ्यांच्या चादरी नको होत्या, लहान पोरांचे स्वेटर आणि कानटोप्या हव्या होत्या. बोहारणीला देऊन एक पातेलं येतं, त्यापेक्षा हे बरं वाटतं.

मिरजेची_काकू | शनिवार, दुपारी २:४०

गावभागच्या दादा, खरं बोललात. सूनबाई, सासूबाईंची मात्र कुणाला देऊ नकोस गं.

विश्रामबागची_सून | रविवार, रात्री ९:५०

दोन दिवस हातात फोन घ्यायला सवड झाली नाही, आता बसले.

आधी मुलीचं सांगते, डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, पण गिझरबद्दल त्यांनीही तेच सांगितलं जे प्लंबरदादांनी सांगितलं. दीरांच्या मुंबईच्या घरात पण गॅस गिझर आतच आहे, ते पण हलवून घेतायत. आमचा माणूस मंगळवारी येतोय, गिझर मागच्या बोळात जाणार. तोवर बादल्या भरून अंघोळी चालल्यात, पोरांनी कुरकुर केली नाही, त्यांना सगळं वाचून दाखवलं. बुरशी शनिवारी निघाली, शॉवर आज सकाळी पिशवीतून काढला तर चौफेर धार, इतकं पाणी त्यातून कधी आलंच नव्हतं. संडासचं ॲसिड अजून उघडलेलं नाही, ते पुढच्या आठवड्यात.

गच्ची साडेनऊला झाडली. पट्ट्या आणि कचकच दोन्ही ओळखता आलं. टाकीचं झाकण एका बाजूनं उचललेलं होतं, त्यावर वीट ठेवली.

लाल डागावर लिंबू पिळलं आणि डोळ्यांदेखत पिवळा झाला, शेजारच्या काकूंना बोलवून दाखवला. आज संध्याकाळी नुसती फिकट सावली उरलीय, उद्या पण उन्हात टाकणार.

सासूबाईंच्या गोधडीला पसरल्यावर बघितलं तर एका कडेचे सात-आठ ठिकाणचे टाके गेलेले, शनिवारी दुपारी बसून धावदोरा घातला. शिवताना आतला थर दिसला, बाहेर हिरवं इरकल आणि आत सासऱ्यांचं धोतर आणि यांच्या शाळेच्या शर्टाची खाकी पट्टी. यांना हाक मारून दाखवली, ते बराच वेळ तिथंच बसले. मग दोघांनी मिळून तुडवली, चार पाण्यांतून काढली, चादरीच्या झोळीतून वर नेली. आज दिवसभराचं ऊन लागलं तरी मधोमध थोडी दमट लागतेय, उद्या दिवसभर आणखी. वास पूर्ण गेला.

बाकीचं मोजलं तर सतरा पांघरुणं निघाली. गावभागच्या दादांचा हिशोब धरला तर आम्हाला चौदा पुरतात. तीन ब्लँकेटं आणि मुलांचे लहान झालेले पाच स्वेटर धुऊन वाळवले. आज संध्याकाळी माधवनगरच्या पुढं एका फडाच्या कडेला कोप्या दिसल्या तिथं थांबून आधी विचारलं. एक बाई म्हणाली ब्लँकेट द्या एकच, आणि लहान लेकराचं काही पातळ-मऊ असलं तर बघा, बाळंतीण हाय आत. तिच्यासाठी माझ्याकडं एक जुनी मऊ दुपट्याएवढी गोधडी आहे, ती धुतलेली नव्हती म्हणून आज दिली नाही. आत्ता टपात भिजत घातलीय. उद्या वाळली की परवा ऑफिसवरनं येताना देऊन येते.